वाशीत १६५, ठाण्यात ११९ : लेन वाचायची कशी?

प्रश्न असा आला आहे : "सर, मी कोपरखैरण्याला राहते. दीड वर्ष टेनपिन बोलिंग खेळतेय, स्वतःचा १४ पौंडांचा रिअ‍ॅक्टिव्ह बॉल आहे (तेल शोषणारा, जास्त वळणारा), उजव्या हाताने टाकते. वाशीला नेहमीच्या सेंटरवर माझी सरासरी १६५ आहे. गेल्या महिन्यात ठाण्याला स्पर्धा खेळले. तोच बॉल, दुसऱ्या अ‍ॅरोवरची तीच लाईन, आणि स्कोअर १५२, १२८, ११९. पहिल्या गेमला बॉल सगळ्यात पुढच्या हेडपिनच्या डावीकडे जात होता. नंतर पॉकेटला, म्हणजे हेडपिन आणि तिच्या उजवीकडच्या ३ नंबरच्या मधल्या फटीत लागूनही मागच्या उजव्या कोपऱ्यातली १० नंबरची पिन उभी राहायला लागली. लाइट, म्हणजे कमी वळून ओझरता लागतोय असं समजून मी उजवीकडे सरकले, तर आणखीच बिघडलं. लेन खराब होती का? की नवा बॉल घेऊ?"

तू सर म्हणालीस, म्हणून मीही सरळ 'तू' म्हणतो. लेन खराब नव्हती. नवा बॉलही नको, निदान आत्ता नको. तिन्ही गेममध्ये बॉल तुला काय चाललंय ते सांगत होता. पहिल्या गेमला त्याने सांगितलेलं तू ऐकलं नाहीस आणि दुसऱ्या गेमला ऐकलंस ते उलटं ऐकलंस. जवळजवळ प्रत्येक खेळाडू या टप्प्यातून जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी लेनवर काय असतं ते बघू. फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्या अलीकडून बॉल सोडायचा त्या रेघेपासून, हेडपिनपर्यंत ६० फूट, रुंदी साधारण साडेएकेचाळीस इंच, त्यात ३९ बोर्ड, म्हणजे उभ्या अरुंद पट्ट्या. अ‍ॅरो (नेम धरायच्या बाणाच्या खुणा) सात, दर पाच बोर्डांवर एक. म्हणजे तुझा दुसरा अ‍ॅरो म्हणजे उजवीकडून दहावा बोर्ड. जुन्या लेन लाकडाच्या असायच्या. आता मॉलमधल्या लेनचा पृष्ठभाग म्हणजे आपल्या कपाटाच्या सनमायकाचा दणकट मोठा भाऊ समज. बोर्ड त्यावर छापलेले असतात. या पृष्ठभागावर मशिनने तेल ओढतात, एका लेनला साधारण २० ते ३० मिलिलिटर. घरातले औषधाचे दोन मोठे चमचे भरतील एवढंच. तेल मुळात खेळासाठी आलं नाही. लाकूड बॉलच्या घर्षणाने झिजू नये म्हणून लावायला सुरुवात झाली, आणि नंतर खेळाचं सगळं गणितच त्या तेलावर उभं राहिलं.

तेल असतं तिथे बॉल घसरतो, तेल संपतं तिथे तो लेनला पकडतो आणि वळतो. एवढंच तत्त्व आहे. पण तेल डोळ्यांना दिसत नाही, आणि सगळीकडे सारखंही नसतं.

वाशीच्या तुझ्या सेंटरवर, रोजच्या गिऱ्हाइकांसाठी असतं तसं, मध्ये भरपूर तेल आणि दोन्ही कडांना कोरडं असतं. बॉल चुकून उजवीकडे गेला तर कोरड्यात पकड घेऊन परत पॉकेटकडे येतो. चुकून आत, मध्याकडे पडला तर मधल्या तेलात घसरत राहतो आणि डावीकडे फार जात नाही. अशी लेन तुझ्या चुका पोटात घालते. दोन-दोन बोर्डांनी चुकूनही स्ट्राइक (एकाच बॉलमध्ये दहाही पिना) पडतो आणि आपल्याला वाटतं, आपली लाईन पक्की झाली. म्हणून तुझे १६५ खोटे आहेत असं मी म्हणत नाही. तुझा हात चांगला आहे म्हणूनच ते आले. पण ते १६५ त्या लेनवरचे आहेत.

स्पर्धेला बहुतेक वेळा तेल कडेपर्यंत जास्त सारखं पसरलेलं असतं. तिथे एक बोर्ड बाहेर गेलेला बॉल परत येत नाही, एक बोर्ड आत गेलेला सरळ हेडपिनच्या नाकावर जातो. अशा स्पर्धांना पॅटर्नचा, म्हणजे तेल कसं पसरलंय त्याचा कागद लावलेला असतो. नसेल तर आयोजकांना विचार, विचारण्यात काही कमीपणा नाही. त्यात सगळ्यात आधी तेलाची फुटांतली लांबी बघ. लांबीतून ३१ वजा कर. जे उरेल त्या बोर्डाच्या आसपास बॉल तेलातून बाहेर पडायला हवा. ४१ फुटांचा पॅटर्न असेल तर दहावा बोर्ड, ३६ फुटांचा असेल तर पाचवा. म्हणजे लहान पॅटर्नला बाहेरून खेळायचं, लांब पॅटर्नला आतून. हा आकडा ढोबळ आहे, आणि तो बॉल जिथून वळतो त्या जागेचा आहे, अ‍ॅरोवरचा नाही. बरेच जण इथेच घोटाळा करतात : दहा उत्तर आलं की दहाव्या बोर्डावरच्या अ‍ॅरोवरून टाकतात. अ‍ॅरोवरून बॉल पुढे आणखी बाहेर सरकतो, त्यामुळे अ‍ॅरोवर तो दोन-चार बोर्ड आतून जायला हवा.

आता तुझ्या ठाण्याच्या तीन गेमकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

पहिल्या गेमला बॉल डावीकडे, म्हणजे हाय जात होता. याचा सरळ अर्थ, तू जिथून टाकत होतीस तिथे वाशीपेक्षा तेल कमी होतं आणि बॉल जास्त वळत होता. अशा वेळी नियम एकच : बॉल जिकडे चुकला तिकडे पाय सरकवायचे. डावीकडे चुकला तर डावीकडे. पाय दोन बोर्ड, नेमाची नजर एक बोर्ड. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं, डावीकडे जातोय तर उजवीकडे जाऊया असं मन म्हणतं. पण पाय डावीकडे गेले की बॉल मधल्या तेलातून जास्त वेळ जातो, उशिरा वळतो, आणि पॉकेटला येतो. तू पहिल्या गेमला हललीच नाहीस. १५२ आले ते स्पेअर घेतलेस, म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलने पाडल्यास म्हणून आले असणार, आणि त्याबद्दल शाबासकी.

दुसऱ्या गेमपर्यंत काय झालं ते नीट समजून घे. एका लेनवर पाच-सहा जण, बहुतेक उजव्या हाताचे, बहुतेक दुसऱ्या अ‍ॅरोच्या आसपास टाकणारे. प्रत्येक रिअ‍ॅक्टिव्ह बॉल जाताना थोडं तेल शोषून घेतो. पावसाळा संपल्यावर येऊरला गवतातून पायवाट पडते ना, माणसं चालतात तिथलंच गवत जातं, तशी लेनवर कोरडी वाट पडते. दुसऱ्या गेमला तुझा बॉल त्या वाटेवर गेला. फाउल लाइन ओलांडून तीस-पस्तीस फुटांवरच त्याने पकड घेतली, तिथेच वळून घेतलं, आणि पिनांपर्यंत पोचेपर्यंत त्याच्यातला जोर संपला. शेवटच्या टप्प्यात तो वळत नव्हता, नुसता सरळ लोळत होता. पॉकेटला लागला खरा, पण हेडपिनला धडकून उजवीकडे ढकलला गेला.

आणि १० नंबरची पिन उभी राहिली. ती बघून तू म्हणालीस, लाइट लागतंय, जास्त वळायला हवं, उजवीकडे सरकू. उजवीकडे तर आणखी कोरडं होतं. ११९ तिथून आले.

म्हणून १० नंबर उभी राहिली की तिच्याकडे बघू नकोस, ६ नंबरकडे बघ. ६ ही १०च्या शेजारची, तिच्या पुढच्या ओळीतली. चांगल्या हिटला ६ जोरात उडते आणि १०ला घेऊन जाते. कधी ती १०च्या गळ्यापुढून भोवती फिरून जाते आणि १० नुसती हलते, तेव्हा बॉलमध्ये जोर होता, कोन जरासा चुकला. तिथे पायाचा एखादा बोर्डच हलवावा लागतो, किंवा अप्रोचवर, म्हणजे फाउल लाइनच्या आधीच्या पावलं टाकायच्या जागेवर, अर्धं पाऊल पुढे-मागे. पण ६ जर मेल्यासारखी गटरमध्ये, लेनच्या कडेच्या पन्हळीत, आडवी पडली आणि १० जागची हललीसुद्धा नाही, तर बॉलमध्ये जीवच नव्हता. हे तुझ्या बाबतीत झालं असं तुझ्या वर्णनावरून मला वाटतं. अशा वेळी डावीकडे, आत, जिथे अजून तेल आहे तिकडे सरकायचं. दोन-एक नाही, चार-दोन : पाय चार बोर्ड, नजर दोन. घाबरत घाबरत एकेक बोर्ड हलत बसलीस तर दोन फ्रेममध्ये, म्हणजे दोन पाळ्यांत, पुन्हा त्याच वाटेवर येशील.

मग खरं लाइट आणि हा जोर संपलेला बॉल ओळखायचे कसे? तेल जास्त असल्याने लाइट लागणारा बॉल घसरत घसरत जातो, वळायलाच तयार नसतो, उशिरा पोचतो. मागे २ नंबर, २-८, कधी ५-७ अशा पिना राहतात. जोर संपलेला बॉल लवकर वळतो आणि शेवटी सरळ होतो. मागे सपाट १०, कधी ५, कधी ८-१०. पिना दोन्हीकडे फसवू शकतात. बॉलची वाट फसवत नाही. त्यामुळे अ‍ॅरो ओलांडल्यावर बॉलवरची नजर सोडायची नाही. पस्तीस-चाळीस फुटांच्या आसपास बऱ्याच लेनवर पुन्हा काही गडद खुणा असतात. बॉल त्या खुणांच्या अलीकडे वळला की पलीकडे, एवढंच आधी बघ.

ही सवय मला ज्यांनी लावली ते आमच्या वेळचे एक वयस्क खेळाडू होते. ते माझ्या मागे उभे राहायचे आणि बॉल पिनांना लागायच्या आत मला पाठ फिरवायला लावायचे. मग विचारायचे, "कुठे वळला? किती वळला? आता काय पडलं असेल?" पहिले दोन महिने मला एकाही प्रश्नाचं उत्तर धड देता यायचं नाही, कारण मी आयुष्यभर नुसत्या पिना बघत आलो होतो. तिसऱ्या महिन्यात पिनांचा आवाज ऐकून कोणती उभी आहे ते कळायला लागलं. वाशीला सरावाला जाशील तेव्हा एक गेम असा खेळ. स्कोअर लिहूच नकोस.

दुसरी एक गोष्ट फुकट मिळते आणि कोणी बघत नाही. बॉल परत आला की लगेच टॉवेल फिरवू नकोस. आधी तो उचलून दिव्याखाली तिरका धर. त्यावर तेलाच्या गोल रेघा दिसतील, एकीला लागून एक, आमटीवरच्या तवंगासारख्या चमकणाऱ्या. रेघा ओल्या, ठळक असतील तर लेनवर अजून भरपूर तेल आहे. पुसट, तुटक असतील तर तुझी वाट कोरडी पडत चालली आहे, आणि स्कोअर पडायच्या आधी हे कळलं आहे. मग पुस. दर वेळी पुस, सुक्या टॉवेलने, कारण तेलकट बॉल पुढच्या वेळी वेगळाच वागतो.

स्पर्धेआधी जो दहा मिनिटांचा सराव देतात तो बहुतेक जण स्ट्राइक मारण्यात घालवतात. मी पहिले तीन बॉल एकाच वेगाने तीन ठिकाणांहून टाकतो : दुसऱ्या अ‍ॅरोवरून, मग पहिल्याच्या जवळून, मग चौथ्याच्या जवळून. पिना किती पडल्या याची मला पर्वा नसते. बाहेरून टाकलेला परत आला का? आतून टाकलेला टिकला का? दोन्ही उत्तरं हो असतील तर लेन वाशीसारखी दयाळू आहे. बाहेरचा परत आला नाही तर त्या दिवशी बाहेर जायचंच नाही, हे पहिल्या फ्रेमआधीच ठरतं. स्पर्धेत दोन लेनवर आलटून पालटून खेळायचं असेल तर हे दोन्ही लेनवर कर. शेजारच्या दोन लेन सख्ख्या बहिणी असतात, जुळ्या नाहीत. नियमाप्रमाणे लेनच्या सपाटीत इंचाच्या हजार भागांपैकी चाळीस भागांचा, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटरचा फरक चालतो, आणि तेवढासुद्धा बॉलला कळतो. डाव्या लेनवर उजवीपेक्षा दोन बोर्ड आत उभं राहावं लागलं तर ते निमूट मान्य कर.

सेंटरवरचे साधे प्लास्टिकचे हाउस बॉल घेऊन खेळणारे लोक तुझ्या लेनवर जास्त असतील तर चित्र बदलतं. प्लास्टिक तेल शोषत नाही, पुढे ढकलत नेतं. मग लेनच्या शेवटच्या, एरवी कोरड्या भागात तेलाचे पट्टे येतात, आणि तिथे वळायचा तो बॉल वळत नाही. रविवारी संध्याकाळी मॉलमध्ये वाढदिवसाच्या पार्ट्या होऊन गेल्यावर खेळलीस तर हे हमखास दिसेल. इथे मात्र खरोखरच लाइट लागतं, इथे उजवीकडे सरकणं बरोबर. म्हणजे एकाच १० नंबरच्या पिनेवर दोन उलटी उत्तरं, म्हणून तर बॉलची वाट बघायची.

बॉलच्या पृष्ठभागाबद्दल एक उलटी वाटणारी गोष्ट. चकचकीत बॉल तेलातून पुढे घसरतो आणि उशिरा वळतो, खरखरीत घासलेला लवकर पकडतो. २००० नंबरच्या पॅडने घासलेला बॉल ४००० वाल्यापेक्षा आधी वळायला लागेल. तुझा बॉल ठाण्याला लवकर जळत, म्हणजे आधीच वळून जोर संपवत होता, तर त्याला पुन्हा घासणं हे चुकीचं औषध. नवा बॉल विचारतेस, तर आधी साधा प्लास्टिकचा एक स्पेअरसाठी घे. तो तेल असो नसो सरळच जातो, त्यामुळे १० नंबरच्या पिनेसाठी लेनचा विचारच करावा लागत नाही. ठाण्याच्या तिन्ही गेममध्ये उभ्या राहिलेल्या १० नंबरपैकी निम्म्या घेतल्या असत्यास तर आज हा प्रश्न एवढ्या काळजीने विचारला नसतास. दोन बॉलची बॅग ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत उचलून नेणं त्रासाचं आहे, मला माहीत आहे. चाकांची बॅग घे. गाडीने जात असलीस तर मे महिन्यात बॉल डिकीत ठेवू नकोस, त्या उष्णतेत रिअ‍ॅक्टिव्ह बॉल खराब होतो.

आपल्याकडच्या पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. जुलैत घोडबंदरवरून भिजत येणारी माणसं ओल्या पायांनी थेट अप्रोचपर्यंत येतात. सरकायच्या बुटाच्या तळव्याला पाण्याचा एक थेंब लागला तरी पाय शेवटच्या पावलाला जागीच चिकटतो आणि वरचं शरीर पुढे जातं. माझा डावा गुडघा असाच गेला. त्यानंतर पाच महिने मी बॉल उचलला नाही. प्रत्येक बॉलआधी तळव्यावरून हात फिरव, बाथरूमला जाताना बूट बदल किंवा वर कव्हर घाल, आणि अप्रोचवर बॉल न घेता एकदा सरकून बघ. पाय चिकटत असेल तर पावडर टाकू नकोस, ते नियमात बसत नाही आणि तुझ्या मागून येणाऱ्यासाठी धोक्याचं आहे. तिथल्या माणसाला पुसून द्यायला सांग. याच दिवसांत अंगठा फुगतो. भोकातला टेपचा एक तुकडा काढायची तयारी ठेव. अंगठा अडकून बॉल उशिरा सुटला तर तो लेनमुळे वळल्यासारखा दिसतो आणि तू उगाच पाय हलवत बसतेस.

ठाणे-नवी मुंबईत नव्या सेंटरवर खेळशील तेव्हा आणखी एक बघ : पिनांच्या डोक्याला दोऱ्या आहेत का? दोरीच्या मशिनवर पिना आडव्या फिरून शेजारच्या पिना तितक्या पाडत नाहीत. अमेरिकेच्या बोलिंग संघटनेनेही २०२३ पासून दोरीच्या पिनांना वेगळा प्रकार म्हणून मान्यता दिली आहे, दोन्हीकडचे स्कोअर एका तागडीत टाकत नाहीत. तिथे गेममध्ये काही पिना कमी पडल्या म्हणून लाईन बदलू नकोस. बॉल बरोबर वाटेने गेला का, तेवढंच बघ.

शेवटी हलवायचं कधी? एका वाईट बॉलवर नाही, तो तुझ्या हाताचा दोष असू शकतो. हातातून चांगला सुटलेला बॉल दोनदा एकाच बाजूला चुकला की तिसऱ्यासाठी हलायचं. आधी पाय. पायाने काम झालं नाही तर दुसरा बॉल. वेग आणि मनगट बदलणं सगळ्यात शेवटी, आणि दीड वर्षाच्या अनुभवावर स्पर्धेत तर नकोच.

तू मला तीन गेमचे आकडे पाठवलेस. पुढच्या वेळी प्रत्येक फ्रेमसमोर तीनच गोष्टी लिहून पाठव : पाय कोणत्या बोर्डावर होते, बॉल अ‍ॅरोवर कुठून गेला, आणि ६ नंबरची पिन कशी पडली. मग कुठे आणि कोणत्या फ्रेमला हलायला हवं होतं, ते आपण दोघं बोट ठेवून बघू.